बी म्हणजे सुद्धा

तांबोळीबाई गेल्या त्या दिवशी त्यांच्या दारासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या एका खुर्चीवर आमच्याच हायस्कूलमधले एक निवृत्त सर चहा पीत बसले होते. शेजाऱ्याकडे वळून ते म्हणाले, "एवढ्या बिया खाल्ल्या बाईंनी. शेवटी काय झालं?"

मी उंबऱ्याशी चपला काढत होते. मयताच्या घरी भांडू नये एवढं मला कळतं, म्हणून गप्प राहिले. पण ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. बाई सत्तरी ओलांडून, झोपेत, हृदय थांबून गेल्या. आदल्या संध्याकाळीसुद्धा त्या स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन आल्या होत्या, स्वतःच्या डोळ्यांनी त्यांनी पेपर वाचला होता आणि सवयीप्रमाणे त्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या होत्या. इतकी वर्षं साखरेचं दुखणं बाळगून पाय आणि डोळे शाबूत राहणं म्हणजे काय, हे त्या सरांना माहीत नसेल असं नाही. पण बिया खाणाऱ्या बाई ही त्यांच्या दृष्टीनं स्टाफरूममधली एक जुनी गंमत होती, आणि ती गंमत त्यांना बाईंच्या दारातही आवरली नाही.

म्हणून बाई कशा होत्या ते मी लिहून ठेवते आहे. माझा राग मला लपवायचा नाही. बाईंनीही स्वतःचा कधी लपवला नाही.

पूर्ण नाव शमशाद तांबोळी. म्हसवडच्या आमच्या हायस्कूलमध्ये त्या मराठी शिकवायच्या. उंचीनं लहान, आवाजानं मोठ्या. सुती साडी, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घालणारी दुसरी बाई तेव्हा गावात नव्हती. पोरं हसायची. बाई म्हणायच्या, "हसा. पाय माझे आहेत."

शाळेत नवा कुणी साहेब आला की हमखास म्हणायचा, "बाई, तुम्ही मराठी किती छान बोलता!" बाईंचा चेहरा दगडासारखा व्हायचा. "माझे आजोबा ह्याच पेठेत पानं विकत होते, साहेब. गिऱ्हाईक त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलत असेल असं तुम्हाला वाटतं?" साहेब चहा मागवायचे. बाई वर्गावर जायच्या आणि त्या दिवशी आमचं शुद्धलेखन जरा जास्तच कडक तपासलं जायचं.

माझी त्यांची ओळख एका अक्षरावरून झाली. मी धनगराची पोर, वाडीवरच्या शाळेतून आठवीला म्हसवडात आलेली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, निबंध कुणी कुणी लिहिलाय. मी उभी राहून म्हणाले, "बाई, मी बी लिवलाय."

"तू बी नाहीस," बाई म्हणाल्या. "बी पेरतात. तू सारिका आहेस."

वर्ग खो खो हसला. माझे डोळे भरून आले. ते पाहताच बाई हसणाऱ्यांवर उखडल्या. "दात काय काढता? तुम्ही सगळे 'बी'च म्हणता. घरी म्हणा, रानात म्हणा, आजीशी तर जरूर म्हणा. पण बोर्डाचा पेपर तपासणारा तुमच्या घरचा नाही. तो 'बी'चे मार्क कापतो. त्यानं कापू नयेत म्हणून 'ही' लिहा, 'सुद्धा' लिहा. हिनं निबंध लिहिलाय. तुमच्यातल्या किती जणांनी लिहिलाय?"

पोरं दप्तरात वह्या शोधू लागली.

बाईंचं व्याकरण फळ्यावर कमी आणि बाकांवर जास्त असायचं. शब्दयोगी अव्ययं शिकवताना त्यांनी पुढच्या बाकावरच्या प्रशांतला उठवलं आणि त्याच्या जागी मला बसवलं. "प्रशांतऐवजी सारिका. प्रशांत कुठं गेला?" पोरं ओरडली, "उभा हाय!" मग त्यांनी मला जरा सरकायला लावून प्रशांतला शेजारी बसवलं. "आता? सारिकेबरोबर प्रशांत. ऐवजी म्हणजे एकाला उठवून दुसरा बसतो. बरोबर म्हणजे दोघं एका बाकावर." मुलीशेजारी बसावं लागल्यामुळे प्रशांत लाजून लाल झाला होता. त्या वर्गानं ते अव्यय विसरणं शक्य नव्हतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं होतं.

माझ्यावर त्यांचे उपकार किती, ते सांगत बसले तर बाईंचंच चित्र बाजूला राहील. एवढंच सांगते. दहावीनंतर आमचा कळप चारणीला खाली दूरच्या मुलखात निघायच्या वेळी बाई बूट घालून वाडीवर आल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "मेंढरांबरोबर तुम्ही जा. पुस्तकांबरोबर ही राहील. माझ्या घरी." वडील म्हणाले, "बाई, तुमी म्हंता तर ऱ्हाऊ द्या." बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्या घरात राहून मी बारावी झाले, सांगलीला जाऊन पदवीधर झाले आणि आता सांगलीतच नोकरी करते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.

त्यांच्या घरात राहिले म्हणून त्यांच्या बिया मी जवळून पाहिल्या.

चाळिशीतच बाईंना साखर निघाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं आणि विचारलं, दुपारी भूक लागली की काय खाता? बाई म्हणाल्या, फरसाण. स्टाफरूममध्ये फरसाणाचा पुडा कायम उघडा असायचा. डॉक्टर म्हणाले, त्याच्या जागी मूठभर बिया खा. जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया. पोट धरून राहील. बाईंनी ते धड्यासारखं पाठ केलं आणि धड्यासारखंच पाळलं.

आजोबांचा पानाचा पितळी डबा त्यांच्याकडे होता. आत छोटे छोटे कप्पे. एकेकाळी त्यात कात, सुपारी, लवंग असायची. बाईंनी तो चिंचेनं घासून लख्ख केला. एका कप्प्यात जवस, एकात तीळ, एकात कारळं, एकात लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया. रविवारी सकाळी लोखंडी तव्यावर प्रत्येक बी वेगळं भाजायचं. जवस तडतडायला लागलं की तवा खाली. एकदा मी घाई करून जवस आणि कारळं एकदमच तव्यावर टाकलं. बाईंनी तवा माझ्या हातातून काढून घेतला. "कारळं करपेपर्यंत जवस कच्चं राहतं. सगळ्यांना एकाच घंटेला पास करायला ही काय आपली शाळा आहे?"

शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडला की चेष्टा सुरू व्हायची. कुणी "बाईंचं दाणापाणी" म्हणायचं, कुणी खिडकीतून पोपटाचा आवाज काढायचं. पोरांनी त्यांचं नाव बियाबाई ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं. "समास बरोबर आहे," त्या म्हणायच्या, आणि सावकाश चावत राहायच्या.

चेष्टेनं त्या चिडत नसत. त्या चिडायच्या दुसऱ्याच एका वाक्यावर. आपल्याकडे ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि प्रेमानं म्हटलं जातं म्हणून त्याचा राग धरायचीही सोय नसते. एकानं काय होतंय? एका पेढ्यानं काय होतंय? एका जिलबीनं काय होतंय? दहावीचा निकाल लागला त्या वर्षी मुख्याध्यापक पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि बाई नको नको म्हणत असताना त्यांनी हसत हसत पेढा त्यांच्या तोंडात कोंबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तो पेढा तोंडातून काढला, कागदात गुंडाळला आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला.

"सर, आनंद तुमचा आहे. साखर माझी आहे."

पुढचे कित्येक दिवस शाळेत चर्चा होती ती बाईंच्या उद्धटपणाची. नको म्हणणाऱ्या बाईच्या तोंडात पेढा कोंबणाऱ्या माणसाला उद्धट म्हणावं, हे कुणालाही सुचलं नाही.

एसटी स्टँडवरच्या कँटीनवाल्याशी त्यांचं भांडण तर वर्षानुवर्षं चाललं होतं. बाई बिनसाखरेचा चहा मागायच्या, पहिल्या घोटाला गोड लागायचा.

"थोडीच टाकलीय, बाई. आगदीच कडू कसा द्यायचा तुमाला?"

"'बिन' म्हणजे थोडी नव्हे. 'बिन' म्हणजे नाही. बिनपगारी नोकरीत तुला थोडा पगार मिळेल का?"

तो कपाळावर हात मारायचा आणि दुसरा चहा करायचा.

हीच बाई ईदेला मोठं पातेलंभर शीरखुर्मा करायची, आमच्या वाडीवर डबा पाठवायची, आणि पाहुण्यांच्या घोळक्यात आपला पितळी डबा मांडीवर घेऊन बसायची. तिथं त्यांची चेष्टा करायचा मान एकट्याचा होता, धाकट्या भावाचा, दस्तगीरचा.

दस्तगीरमामांचं स्टँडसमोर पानाचं दुकान. मी बाईंच्या घरात राहायची म्हणून ते मामा झाले. भावंडं आपसात घरच्या बोलीत बोलत, मी असले की मराठीत. "आपा, तुजं खानं बघून गावातल्या चिमन्या उपाशी मरतील," मामा म्हणायचे. साखर त्यांनाही होती, आणि बाईंपेक्षा जास्त. इन्शुलिनचं इंजेक्शन होतं. दिवसभर मांडी घालून दुकानात बसायचं आणि येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर चहा घ्यायचा हा त्यांचा धंदाच होता. सुईचा मात्र त्यांना मनापासून कंटाळा. बाई रोज संध्याकाळी दुकानात जाऊन समोर उभ्या राहत, त्यांनी इंजेक्शन घेतलं की घरी येत. "एक दिस चुकलं तर काय हुतंय, आपा?" मामा विचारायचे. बाई नुसत्या उभ्या राहत.

बाई निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी आमच्या तुकडीनं माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घेतला. प्रशांत साताऱ्याहून मोठ्या गाडीतून आला. तिकडं त्याचा धंदा जोरात होता. भाजलेल्या बियांची पाकिटं, त्यावर इंग्रजी नाव, आणि ठिकठिकाणी शुगरमुक्तीची शिबिरं. बाईंच्या पाया पडून तो म्हणाला, "बाई, तुमचा डबा डोळ्यांपुढं ठेवूनच धंदा काढला." बाईंना बरं वाटलं, मला दिसलं ते. ज्या डब्यावर पोरं हसली त्याच डब्याला नमस्कार करणारा त्यांतलाच एक पोरगा निघाला होता.

माईकवर बाई म्हणाल्या, "बिया खाऊन माझी साखर गेली नाही. फरसाण गेलं. गोळ्यांबरोबर, चालण्याबरोबर, मूठभर बिया. इतकंच." टाळ्या पडल्या. प्रशांतनं त्यांच्या हातात पितळी डबा देऊन फोटो काढला.

त्यानंतर बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे सांगलीला आल्या. मिरजेला एका डोळ्याचं झालं, थोड्या दिवसांनी दुसऱ्याचं. तोवर प्रवास नको असं ठरलं. त्या मुक्कामात एकदा मामांचा फोन आला. आवाज मोठा, नेहमीसारखा.

"आपा, मी बी बी चालू केलं!"

डोळ्यावर पट्टी घेऊन बसलेल्या बाई खळखळून हसल्या. "'मीही बी सुरू केलं' म्हण."

"मीही बी सुरू केलं."

"शाब्बास!" फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "शेवटी ऐकलं गाढवानं."

दोन्ही डोळे बरे झाल्यावर मी त्यांना घेऊन म्हसवडला गेले. गाडी स्टँडात शिरली तशी बाई नव्या डोळ्यांनी खिडकीतून पाट्या वाचू लागल्या, प्रत्येक पाटीतली ऱ्हस्वदीर्घाची चूक दाखवत. मग त्या एकदम थांबल्या. समोर, मामांच्या दुकानाच्या बरोबर वर, मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर बाई. हातात पितळी डबा, चेहऱ्यावर मेळाव्यातलं ते समाधान. खाली ठसठशीत अक्षरं. बाईंनी ती मुलांकडून वाचून घेतात तशी, शब्द तोडून तोडून वाचली.

"गोळ्या, इंजेक्शन, ऐवजी, मूठभर बिया."

पुन्हा एकदा फक्त एक शब्द वाचला. "ऐवजी."

फ्लेक्सखालचं दुकान बंद होतं.

मामा घरी पडून होते, तापानं फणफणलेले. पायाच्या बोटांना फडकं बांधलेलं होतं आणि खोलीत वास सुटला होता. नवीन चपलेनं बोट सोललं होतं. पायाला संवेदना नव्हती, त्यामुळे त्यांना कळलं उशिरा. फ्लेक्स लागला त्याच आठवड्यापासून इंजेक्शन बंद होतं. उशाला प्रशांतच्या पाकिटांचा ढीग.

"कुणाच्या सांगण्यावरून बंद केलंस?" बाईंनी विचारलं.

मामांनी सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "तुज्या. दुकानावर तुजाच फोटू हाय की, आपा. दुसऱ्या कुनाचा असता तर मी ऐकलं असतं व्हय?"

मिरजेच्या दवाखान्यात मामांच्या पायाची बोटं काढावी लागली. वरचा पाय तरी राहील की नाही, हे बरेच दिवस कुणी सांगू शकत नव्हतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बाई ताठ बसून असायच्या, डबा पिशवीत, बंद. एकदा माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "फोनवर मी त्याचं व्याकरण तपासलं, सारिका. अर्थ विचारला नाही. त्यानं 'बी' म्हटलं, मला वाटलं, हे सुद्धा आणि ते सुद्धा."

मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "साताऱ्याची गाडी किती वाजता आहे बघ."

साताऱ्यात एका मंगल कार्यालयात प्रशांतचं शिबिर चालू होतं. हॉल भरलेला. दाराशी पाकिटांचं टेबल, स्टेजवर तोच फ्लेक्स. बाई आत शिरल्या तशी पुढच्या रांगेतल्या बायकांत कुजबूज झाली, "आगं, ह्याच त्या! फोटूतल्या!" प्रशांत धावत खाली आला, वाकून पाया पडला आणि त्यांना हाताला धरून वर घेऊन गेला. त्याला वाटलं असावं, बाई आशीर्वाद द्यायला आल्या.

"मी मेळाव्यात काय म्हटलं होतं?" बाईंनी विचारलं. माईक चालू होता.

"बाई, आपण नंतर निवांत बोलू ना."

"काय म्हटलं होतं?"

"गोळ्यांबरोबर," प्रशांत पुटपुटला. "आवं बाई, डिझाईनवाल्या पोरानं केलंय ते. आन् एका शब्दानं काय होतंय? बिया चांगल्याच हायत की."

एका शब्दानं काय होतंय. त्या क्षणी बाईंच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

स्टेजवर प्रशांतची मखमली खुर्ची होती. बाई जाऊन तिच्यावर बसल्या. "प्रशांतऐवजी मी," त्या म्हणाल्या. "आता तू कुठं आहेस?"

तो माईकचं बटण शोधू लागला.

"वर्गानं तेव्हा सांगितलं होतं तसं सांग. मोठ्यानं."

"उभा हाय, बाई."

"तू उभा तरी आहेस. माझा भाऊ उभा राहू शकत नाही. तुझ्या एका शब्दानं त्याचं इंजेक्शन उठवलं आणि त्याच्या जागी तुझं पाकीट बसवलं. त्याच्या पायाची बोटं गेली. पाय राहील का ते डॉक्टरांना ठाऊक नाही. त्या शब्दावर माझा फोटो आहे, म्हणून मी इथवर आले."

मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "मग बाई, बिया खायच्या का न्हाईत?" मला त्या प्रश्नाचा तेव्हा राग आला होता. आता येत नाही. ती बिचारी गावाकडून गाडी करून हेच विचारायला आली होती.

"खा," बाई म्हणाल्या. "बाजारातून आणा, घरी भाजा, मूठभर खा. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी खाऊन खा. इंजेक्शन असेल तर ते घेऊन खा. त्यांनी बंद केल्याशिवाय काहीही बंद करू नका. ह्यानं सांगितलं तरी, आणि माझ्या फोटोनं सांगितलं तरी."

काही लोक उठून गेले. पण आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाकिटांच्या टेबलापुढे रांग लागलेलीच होती. पुढच्या महिन्यात नवे फ्लेक्स लागले. कराडला लागले, विट्याला लागले. बाईंचा फोटो काढला होता. शब्द तसाच होता. मी पोलिसांत तक्रार करायला गेले तिथं मला विचारलं गेलं, "पण मॅडम, आता तुमच्या बाईंचा फोटो तर काढलाय ना त्यांनी?" म्हणजे फोटो ही बदनामी आणि शब्द हे काहीच नाही. एका माणसाच्या पायाची बोटं त्या शब्दानं नेली, हे मी कोणत्या भाषेत सांगायचं होतं?

मामांचा पाय राहिला. बोटं गेली, टाच राहिली, एक खास चप्पल आणि काठी आली. दुकान पुन्हा उघडलं. बाईंनी दुकानापुढे शाळेतला मोडीत निघालेला एक बाक आणून टाकला आणि रोज संध्याकाळी त्या तिथं बसू लागल्या. कारण वरचा फ्लेक्स उतरला, तरी लोक विचारायला दुकानावरच यायचे.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या बाकावर. दुकानासमोरच उभ्या असलेल्या सांगलीच्या गाडीत चढून मी खिडकीशी बसले होते. गाडी सुटायला अवकाश होता. पटका बांधलेला, काठी घेतलेला एक म्हातारा धनगर, बहुतेक आमच्याच बाजूचा, दुकानापुढे आला. हातातला मोबाईल त्यानं बाईंपुढे धरला. कुणीतरी नव्या फ्लेक्सचा फोटो पाठवला असणार.

"बाई, हितं लिवलंय गोळ्या सोडा म्हनून. सोडू का?"

बाई जरा सरकल्या. "बसा. इथं, माझ्याबरोबर." तो अवघडून टेकला. "हे चूक आहे. गोळ्यांऐवजी नव्हे. गोळ्यांबरोबर."

"म्हंजी?"

ऐवजी, बरोबर, साहचर्य, विनिमय, बाईंजवळ सगळं व्याकरण होतं आणि ह्या माणसासाठी त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. मग जन्मात कुणाच्या वहीत ज्याला त्यांनी जागा दिली नाही तो शब्द त्यांनी घेतला.

"गोळी बी खायची," बाई म्हणाल्या, "आन् बी बी खायचं."

"आस्सं व्हय!" म्हातारा म्हणाला. "मग आसं लिवायला काय हुतंय त्यांना?"

दुकानातून दस्तगीरमामा ओरडले, "आपा! बोर्डात मार्क जातील!"

"कापू दे त्याला," बाई म्हणाल्या.

त्यांनी पितळी डबा मांडीवर घेतला. म्हाताऱ्यानं ओंजळ पुढे केली. बाईंनी डबा उघडला नाही. झाकणावर हात ठेवून त्या नुसत्या त्याच्या खिशाकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं. त्यानं पैरणीच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली, मामांनी पुढे केलेल्या तांब्यातून पाणी प्याला आणि लहान मुलासारखी जीभ दाखवली.

गाडी हलली. मागं वळून पाहिलं तेव्हा झाकण उघडलं होतं.